तुम्ही विचारलंत म्हणून: डॉक्टरांना माणुसकी शिकवता येते का?

"मॅडम, तुम्ही मेडिकल कॉलेजात शिकवायच्या ना? मग तिथे डॉक्टरांना माणुसकी शिकवत नाहीत का हो?"

लग्नाची पंगत असो, सोसायटीची मीटिंग असो की बँकेतली रांग, हा प्रश्न मला गाठतोच. विचारणाऱ्याच्या पाठीशी बहुतेक वेळा ताजा अनुभव असतो. आई आयसीयूत होती आणि कुणी धड बोललं नाही. बाबांचा रिपोर्ट हातात देताना डॉक्टरांनी मान वर केली नाही. मी सरकारी कॉलेजात मेडिसिन शिकवत निवृत्त झाले, म्हणजे या मंडळींना घडवणाऱ्यांपैकीच एक. प्रश्नातला आरोप मला ऐकू येतो. पण मठ्ठ्याचा ग्लास हातात धरून त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

शिकवता येते. फक्त भाषणं देऊन ती येत नाही. कॉलेज आणि हॉस्पिटल चालवणाऱ्यांना तशी व्यवस्था लावावी लागते, म्हणजे मुलाचा दिवस कुठे जातो, कुणाबरोबर जातो आणि मार्क कशाला मिळतात हे ठरवावं लागतं.

मुलं येतात तेव्हा कोरडी नसतात, हे आधी सांगते. डिसेक्शन हॉलमधून, म्हणजे जिथे शव कापून शरीर शिकतात तिथून, बाहेर आल्यावर डबा न उघडणारी मुलं मी दरवर्षी पाहिली. वॉर्डात पहिला मृत्यू पाहून जिन्यात जाऊन रडणारीही पाहिली. मग पुढे काय होतं? फिलाडेल्फियातल्या जेफरसन मेडिकल कॉलेजानं विद्यार्थ्यांची सहानुभूती वर्षागणिक मोजून पाहिली होती. २००९ साली ते निष्कर्ष छापून आले. सुरुवातीला फारसा फरक नाही, आणि तिसऱ्या वर्षी घसरण. तिथे तिसरं वर्ष म्हणजे मुलं वर्गातून वॉर्डात येतात ते वर्ष. रुग्ण भेटायला लागले आणि माया आटायला लागली, असा उलटा हिशेब. मला त्याचं नवल वाटलं नाही. मुलं वॉर्डात रोग शिकतात तसं सीनियरचं बोलणंही उचलतात. "नऊ नंबरला मस्त स्प्लीन आहे, हात लावून घे," हे वाक्य नऊ नंबरच्या माणसाच्या देखत बोललं जातं. पानथरी (तीच स्प्लीन) वाढली म्हणून तो बिचारा घाबरलेला असतो आणि आमच्याकडे ती 'मस्त' असते.

खरं तर मुलांना वॉर्डात आणणं हीच एके काळी मोठी सुधारणा होती. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रुग्णाला जेमतेम हात लावून, व्याख्यानांच्या जोरावर डॉक्टर होता यायचं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सचं मेडिकल स्कूल १८९३ साली सुरू झालं आणि विल्यम ऑस्लरनं तिथली मुलं खाटेपाशी नेऊन उभी केली. आपल्या थडग्यावर 'यानं विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकवलं' एवढंच असावं, अशी त्याची इच्छा होती. पुढे हार्वर्डच्या फ्रान्सिस पीबडीनं दाखवून दिलं की वॉर्डातही माणूस हरवतोच. रुग्णाच्या शुश्रूषेचं गुपित त्याच्याबद्दल आस्था असण्यात आहे, हे त्याचं म्हणणं आता जगभरच्या दीक्षान्त भाषणांत असतं. १९२७ साली ते व्याख्यान छापलं गेलं आणि त्याच वर्षी तो पंचेचाळिशीत कॅन्सरनं गेला. मला मात्र त्याच व्याख्यानातला दुसरा भाग जास्त कामाचा वाटतो. हॉस्पिटलात भरती होताच माणसाचं घर, काम, नाती सगळं दाराबाहेर राहतं, आणि डॉक्टरला ते मुद्दाम आत आणावं लागतं, हा तो भाग. भाषणांत तो येत नाही, कारण त्याला वेळ द्यावा लागतो.

माझे सर (नाव लिहिलेलं त्यांना खपलं नसतं) पीबडी वाचून बसले होते असं वाटत नाही. पण त्यांच्या युनिटचा एक नियम होता. नवा हाऊसमन, म्हणजे वॉर्डात काम करत शिकणारा नवशिका डॉक्टर, आला की पहिल्या आठवड्यात एक सकाळ त्यानं ॲप्रन काढून ठेवायचा आणि फॉलोअपला आलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाबरोबर फिरायचं. ओळख दाखवायची नाही, रांग मोडायची नाही. केसपेपरची खिडकी, ओपीडी, रक्त द्यायची खोली, एक्स-रे, फिल्म दाखवायला परत ओपीडी, मग औषधाची खिडकी आणि तिथे ठरलेलं वाक्य, "हे बाहेरून आणा." मी ज्यांच्याबरोबर फिरले ते गृहस्थ आईला घेऊन पहाटेच्या एसटीनं आले होते. म्हातारीला व्हरांड्यात बसवून हे एकटे धावत होते. ओपीडीत नंबर लागून चिठ्ठी हातात पडेपर्यंत रक्त घ्यायची खिडकी बंद झालेली असे. म्हणजे ज्याला रक्त तपासायचं त्यानं मुक्काम करायचा किंवा पुन्हा भाडं खर्चून यायचं. हे त्यांना पाठ होतं, त्यामुळे ते घोंगडी घेऊनच आले होते. आम्हा डॉक्टरांपैकी कुणाला त्याचा पत्ताही नव्हता.

फिरून आल्यावर सर एकच विचारायचे, "काय बदलूया?" माया, करुणा हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नाहीत. आमच्या बॅचच्या फेऱ्यांतून एवढं निघालं की फॉलोअपच्या रुग्णांना पुढच्या वेळच्या रक्ताची चिठ्ठी आदल्या भेटीतच द्यायची. म्हणजे ते आल्याआल्या आधी रक्त देतील आणि मग ओपीडीत येतील. खर्च शून्य. आणि आमच्यातले जे मुळात तुसडे होते ते तुसडेच राहिले, पण चिठ्ठी तेही आधी द्यायला लागले. माझ्या लेखी माणुसकी शिकवली ती अशी.

मोठ्या पातळीवर, अख्खं कॉलेज असं उभारण्याचा प्रयत्न आपल्या जवळच झाला, सेवाग्रामला. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये, गांधीशताब्दीच्या वर्षी, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. बाई गांधीजींच्या डॉक्टर, आगाखान पॅलेसमध्ये त्यांच्याबरोबर कैदेत राहिलेल्या, पुढे केंद्रात आरोग्यमंत्री. कॉलेजात सगळे त्यांना बडी बहनजी म्हणत. खेड्यातलं मेडिकल कॉलेज ही तेव्हा जवळजवळ वेडेपणाची कल्पना होती. नव्या मुलांनी आधी आश्रमात राहून सूत कातायचं, झाडलोट करायची. खादी घालायची, सर्वधर्म प्रार्थनेला बसायचं. प्रवेशपरीक्षेत गांधीविचारांचा स्वतंत्र पेपरही असे, 'नीट' ही देशभरची एकच प्रवेशपरीक्षा येईपर्यंत.

परीक्षक म्हणून तिथे गेले तेव्हा यातल्या काही गोष्टींनी मी भारावले नाही, खरं सांगते. गांधीविचारांचा पेपर मुलं पाठ करून देऊ शकतात, आणि खादी डिग्रीनंतर कपाटात जाते. सेवाग्रामचा प्रत्येक डॉक्टर संत निघाला असंही नाही. पण दोन गोष्टी मला पटल्या. एक, प्रत्येक बॅच एक गाव घेते आणि मुलांना कुटुंबं वाटून दिली जातात. शिबिराचे दिवस गावातच राहायचं आणि पुढेही त्या घरी जात राहायचं. वॉर्डात माणूस आडवा असतो, हॉस्पिटलच्या कपड्यांत असतो, तुमच्या दयेवर असतो. त्याच्या घरी तुम्ही पाहुणे असता, चहा घेता, त्यांच्या सवडीनं बसता. ही उलटापालट वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी व्हायला हवी, तिशीत ती होत नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं आता सगळ्याच कॉलेजांना कुटुंब दत्तक योजना लावली आहे. सेवाग्रामला ते सुरू झालं त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी.

दुसरी गोष्ट ज्वारीची. डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात आसपासच्या गावांत आरोग्यविमा सुरू केला. हप्ता ज्वारीत, सुगीला, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. वर्षभरात आजारपण आलं की हॉस्पिटलनं सांभाळायचं. वैद्यकीय शिक्षणाशी याचा संबंध काय, असं विचाराल. संबंध हा, की ज्यानं ज्वारी घातली आहे तो वॉर्डात हात जोडून उभा राहत नाही. तो विचारतो, रागावतो, हिशेब मागतो. विद्यार्थ्याला असा रुग्ण रोज भेटला तर त्याची उपकार केल्याची भाषा आपोआप सुटते.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली आले ते याहून पुढे गेले. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. त्यांनी गावागावांतल्या बायका निवडल्या, बऱ्याचशा निरक्षर, अनेक दलित, आणि त्यांना आरोग्यसेविका केलं. बाळंतपण, अतिसार, कुष्ठरोग, सगळं त्या सांभाळू लागल्या. पण मला कौतुक वाटतं ते याचं की पुढे बाहेरून शिकायला येणाऱ्या डॉक्टरांसमोर आरोळ्यांनी याच बायकांना शिक्षक म्हणून बसवलं. आमच्या कॉलेजात सिस्टरनं रेसिडेंटला (वॉर्डात राबणाऱ्या निवासी डॉक्टरला) चूक दाखवली तरी धुसफूस व्हायची. (जाता जाता एक योगायोग: सुशीला नायर, दोघं आरोळे आणि गडचिरोलीचे अभय व राणी बंग, पाचही जण सार्वजनिक आरोग्य शिकायला ऑस्लरच्याच जॉन्स हॉपकिन्सला गेले होते.)

आता सरकारी अभ्यासक्रमातही हा विषय आला आहे. २०१९ पासून एमबीबीएसला वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचे तास असतात. परीक्षेत रुग्णाला स्वतःचं नाव सांगितलं का, परवानगी घेतली का, पडदा ओढला का, याला मार्क असतात. माझे समवयस्क याला हसतात, "मुलं नाटक करतात" म्हणतात. करतात. "नमस्कार, मी अमुक, तुम्हाला तपासू का?" हे टेप लावल्यासारखं येतं. पण परीक्षेच्या दिवशी एकाच रुग्णाचं पोट सकाळपासून किती मुलं दाबतात हे तुम्ही पाहिलं असतं, तर त्या नाटकानं त्याला काय दिलं हे कळलं असतं. पडदा ओढताना मुलाच्या मनात खरंच काही आहे का, याची चौकशी उघड्या अंगानं झोपलेल्या बाईला करायची नसते. तिला पडदा हवा असतो.

एक जागा मात्र अशी आहे जिथे नाटकानं भागत नाही. ज्याच्यावर आता उपचार उरलेले नाहीत त्याच्या खाटेपाशी. आमच्या राऊंडचा वेग तिथे हमखास वाढायचा. "चालू आहे तेच द्या," म्हणून पुढची खाट. लंडनच्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, आणि १९५७ साली, जवळजवळ चाळिशीत, डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांसाठीचं सेवाघर, काढलं. मरणाऱ्याच्या वेदनेत शरीराबरोबर मन, पैसा, घर, श्रद्धा सगळं असतं, हे त्यांनी डॉक्टरांना शिकवलं आणि मॉर्फिन हे कडक वेदनाशामक वेळेवर कसं द्यायचं हेही. हे दुसरं विसरू नका. नुसता हात हातात घेऊन दुखणं थांबत नाही. आपल्याकडे मुंबईत १९८६ ला शांती आवेदना हे हॉस्पिस सुरू झालं, १९९३ ला केरळात कालिकतला डॉ. राजगोपाल आणि सहकाऱ्यांचं अशाच रुग्णांच्या वेदना कमी करण्याचं काम. माझ्या विद्यार्थिदशेत मात्र यातलं एक अक्षर अभ्यासक्रमात नव्हतं.

आणि हे सगळं ज्या रेसिडेंटकडून करून घ्यायचं त्याची अवस्था? सलग बारा तासांहून जास्त ड्युटी सहसा नको, असं केंद्र सरकारनं १९९२ सालीच लिहून ठेवलंय. प्रत्यक्षात छत्तीस तास उभी असलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यातलं एखादं तुमच्यावर खेकसलं तर तक्रार जरूर करा. फक्त ती अधिष्ठात्यांच्या (डीनच्या) नावानं करा आणि त्या दिवशी वॉर्डात किती डॉक्टर होते तेही विचारा. त्या मुलाच्या अंगावर धावून जाऊन तुमच्या आईला काहीच मिळत नाही.

आता या प्रश्नाच्या पाठोपाठ येणारा दुसरा प्रश्न: "मग आमच्या मुलीला कुठल्या कॉलेजात घालू?" नीटचे मार्क काय ते ठरवतील, पण दोन-तीन पर्याय असतील तर त्या कॉलेजांच्या ओपीडीत जाऊन तासभर बसून या. तपासताना दार लोटलं जातं का, नातेवाइकाला बसायला खुर्ची आहे का, मोठे डॉक्टर विद्यार्थ्यांशी इंग्रजीत बोलून झाल्यावर रुग्णाला मराठीत काही सांगतात का, ते बघा. सोमवारी जा, अकराच्या सुमाराला. गर्दी तेव्हा ऐन भरात असते.