हरिहरच्या शेजारचा भास्करगड

खरं तर हरिहर किल्ल्यावर जायचं म्हणून निघालो होतो. नाशिकहून त्र्यंबक आणि पुढे निरगुडपाडा, गाडीने दीडेक तास, पण पोचलो तर रविवार असल्याने सकाळी आठच्या आत पार्किंग फुल. भाचा सोबत होता, खिंडीच्या दुसऱ्या बाजूला बोट दाखवून म्हणाला मामा, तो पलीकडचा कुठला? भास्करगड, गावातले बसगड म्हणतात. म्हटलं चल, आज तिकडंच.

वाट सगळी जंगलातून. नोव्हेंबर होता, गवत कंबरेएवढं, कारवी दाट, आणि ढोरवाटा इतक्या की दोनदा चुकलो. शेवटी गुरं घेऊन आलेल्या एका बाबांनी सांगितलं, कातळ लागला की कातळाला धरूनच चाला, सोडू नका. तसंच केलं. उजव्या हाताला सरळ उभी भिंत, खाली उतरण, मधे एका माणसापुरती वाट, असं बराच वेळ चालल्यावर एकदम कातळात एक चीर दिसते आणि त्या चिरेत पायऱ्या.

इथं मी पाच मिनिटं नुसता उभा होतो. हरिहरच्या पायऱ्या उघड्यावर आहेत, लांबून दिसतात, फोटोत येतात. १८१८ ला कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने त्या बघून लिहून ठेवलंय की हा उभा चढ शब्दांत सांगता येणार नाही. भास्करगडच्या पायऱ्या मात्र डोंगराच्या पोटात आहेत, दोन्हीकडे उंच कातळ, वर आभाळाची पट्टी, आणि जिना नागमोडी वळत वर जातो. एवढा बेसाल्ट छिन्नी-हातोड्याने फोडायचा, म्हणजे किती हात लागले असतील आणि किती वर्षं! त्या पाथरवटांचं नाव कुठंच नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पायऱ्या अर्ध्याअधिक माती-दगडांनी भरल्यात. वर दरवाजा आहे, तोही एवढा गाडला गेलाय की बॅग आधी आत ढकलायची आणि मग आपण रांगत जायचं. रांगताना कमान डोक्याला जवळजवळ टेकते, हात लावून बघितली, गार दगड, घडाई अजून चांगली.

माथ्यावर आत गेलं की परत रानच. मारुतीची मूर्ती आहे, पाण्याची टाकी आहेत, जोती आहेत पण गवतात शोधावी लागतात. बांधलेलं बहुतेक सगळं पडलंय, कोरलेलं तेवढं जागेवर आहे. टाक्यात पाणी पण होतं. १६३६ मध्ये शहाजीराजांना त्र्यंबकगडासोबत हा भाग मुघलांना द्यावा लागला, १६७० ला मोरोपंत पिंगळ्यांनी तो स्वराज्यात आणला, आणि १८१८ ला त्र्यंबक पडल्यावर जे १७ किल्ले इंग्रजांच्या हाती गेले त्यातला हा एक. भाच्याला हे सगळं त्या टाक्याच्या काठावर बसून सांगितलं, शाळेत त्याने मोरोपंतांचं नाव ऐकलं होतं पण ते इथं, आपल्या घरापासून दीड तासावर येऊन गेले हे त्याला खरंच वाटेना.

समोर हरिहर, मधे फणीचा डोंगर, मागे ब्रह्मगिरी, खाली वैतरणेचं पाणी. वर आम्ही दोघंच. उतरताना भाचा पायऱ्या मोजत होता, मातीखालच्या धरायच्या का नाही यावर आमचं खालपर्यंत बोलणं चाललं.

गावात एका घरी नागलीची भाकरी, उडदाची डाळ आणि ठेचा मिळाला, आधी सांगून ठेवलं तर करून देतात.

जाणार असाल तर पावसाळ्यात नको, त्या चिरेतून पाणी येतं आणि पायऱ्यांवर शेवाळ. गावातला माणूस वाटाड्या म्हणून नक्की घ्या. आणि दरवाज्याच्या दगडांवर नावं लिहू नका, आम्हाला तिथं खडूने लिहिलेली दोन सापडली, ती आमच्या बाटलीतल्या पाण्याने पुसून आलोय.