राहिलेलं नाव

रविवार, रात्रीचे साडेअकरा.

झोप येत नाही म्हणून लिहितेय. आभारप्रदर्शनात माझं नाव राहिलं. एवढंच. माइकवाल्याचं आलं, सतरंज्या घालणाऱ्या पोरांचं आलं, हॉलची किल्ली देणाऱ्या बाईंचंसुद्धा आलं. उकडीचे १५१ मोदक, त्यातला एकही फुटला नव्हता. आणि कागद वाचत कोण होतं? ताई! दुसरं कुणी असतं तर चाललं असतं. जाऊ दे.

शेजारच्या आजोबांना डबा द्यायला गेले, तर चेहरा बघूनच त्यांनी विचारलं. सांगून टाकलं. ते हसले आणि हार्वी हॅडिक्सवर, पायरेट्सच्या जुन्या पिचरवर (म्हणजे चेंडू टाकणाऱ्यावर), घसरले. पिट्सबर्गमध्ये कुठल्याही दुखण्यावर पायरेट्सची, म्हणजे इथल्या बेसबॉल टीमची, एखादी मॅच असतेच.

२६ मे १९५९, मिलवॉकी. हॅडिक्स सर्दीने बेजार, आणि त्याने ओळीने ३६ बॅटर बाद केले. बारा इनिंग, पहिल्या बेसवर चिटपाखरू नाही. मॅच नेहमीसारखी नवव्यालाच संपली असती तर परफेक्ट गेम, म्हणजे समोरच्या एकालाही बेसवर येऊ न देता जिंकलेली मॅच. पण आपल्या लोकांनी समोरच्या पिचरला, लू बर्डेटला, १२ हिट मारून रन मात्र एकही काढला नाही! आजोबा तेव्हा नऊ वर्षांचे. बाराव्या इनिंगला रेडिओपाशीच झोपले. सकाळी उठून वडिलांना पहिला प्रश्न, जिंकलो ना?

तेराव्यात डॉन होकने चेंडू उचलला आणि पहिल्या बेसकडे वेडावाकडा फेकला, त्यांचा माणूस बेसवर आला. आपलाच माणूस. (मी म्हटलं, ही आमची ताई.) मग एक बंट (बॅट नुसती टेकवून मारलेला हळू चेंडू), हँक ॲरनला मुद्दाम वॉक (फुकटात पहिला बेस), आणि जो ॲडकॉकने चेंडू कुंपणापलीकडे धाडला. ॲरन मधूनच मैदानाबाहेर निघाला, ॲडकॉक त्याला ओलांडून पुढे गेला, म्हणून होमरनचा डबल, म्हणजे दोनच बेसचा फटका, आणि शेवटी ३-० चं १-०. बिचाऱ्याला धड हरवलंही नाही.

पुढे १९९१मध्ये बेसबॉलच्या समितीने नो-हिटरची (एकही हिट न देता टाकलेल्या मॅचची) व्याख्या बदलली. यादीतून हॅडिक्सचं नावच गेलं. तो म्हणाला म्हणे, ठीक आहे, मी काय केलं ते मला ठाऊक आहे.

ते वाक्य संध्याकाळपासून टोचतंय. मलाही ठाऊक आहे की. मग पुरत का नाही? यादीतून नाव गेलं म्हणून ती ३६ माणसं परत बेसवर येऊन उभी राहत नाहीत. मोदकही पोटात गेलेच. तरीपण. आईचं नाव तर कधी कुठल्याच कागदावर... ते आज नको.

ताईला सकाळी फोन करायचा की नाही? केला तर काय म्हणायचं, मोदकांचं नाव घ्यायचं राहिलं? शी. पन्नाशीला आलेली बाई मी.

आता वरचं वाचून काढलं. पिचर आहे, बर्डेट आहे, होक, ॲरन, ॲडकॉक, झाडून सगळे आहेत. तेरा इनिंग हॅडिक्ससमोर उकिडवा बसलेला कॅचर कुठाय? स्मोकी बर्जेस. आजोबांनी दोनदा सांगितलं होतं. लिहिलंच नाही मी.

फ्रोझन खोबरं चालणार नाही, असं मीच बजावलं होतं. शेजारी हा घोरतोय. अंगठ्याला बँडेड. बारा नारळ.