कितवी?

शुक्रवार, रात्र

रेंजवरचे टोपीवाले आजोबा मंगळवारी म्हणाले, "पहिल्या मॅचला स्कोअर बघायचाच नाही. तुझा स्कोअर कुणीसुद्धा बघणार नाहीये." मायेनंच म्हणाले. सेफ्टीचा वर्ग संपला होता, कागदावर सही मिळाली होती, मी कमरेचा पट्टा सोडवत होते. हसले, थँक्यू म्हटलं, गाडीत येऊन बसले. तेव्हापासून ते वाक्य काही केल्या जात नाही.

परवा मॅच. प्रॅक्टिकल शूटिंगची, म्हणजे पिस्तूल घेऊन एका जागेवरून दुसरीकडे पळत, घड्याळ लावून टार्गेटं मारायची. आज मुलं झोपल्यावर गॅरेजमध्ये सराव केला, पण मन त्यात नव्हतं. म्हणून लिहायला बसलेय.

राग आलाय का? नाही. त्यांचं खरंच आहे. पहिल्या मॅचला माणूस घाई करतं, आणि घाईत जे होऊ शकतं ते या खेळात परवडत नाही. समोर मातीचा उंच बांध असतो, पिस्तुलाची नळी कायम त्या बाजूलाच हवी. एकशेऐंशी अंशांची रेषा ओलांडून ती मागे वळली की डीक्यू, म्हणजे स्पर्धेतून बाद. पिस्तूल हातातून पडलं, डीक्यू. एका जागेवरून दुसरीकडे पळताना बोट चापाच्या कडीत राहिलं, तरी तेच. तो दिवस तिथेच संपतो, मग तुम्ही नवखे असा की ग्रँडमास्टर. आणि हे असंच हवं. रेंजवर एरवी कुणाच्याही कमरेला भरलेलं पिस्तूल नसतं. रेंज ऑफिसर 'मेक रेडी' म्हणेपर्यंत मॅगझिन आत जात नाही. पिस्तूल पिशवीतून काढायला वेगळी सेफ एरिया, आणि तिथे गोळीला हात लावायचा नाही, सरावाच्या खोट्या गोळीलासुद्धा नाही. मला हा खेळ आवडला तो या कडकपणामुळे. ज्या देशात मोठीच्या शाळेत गेल्या आठवड्यात पुन्हा ते लॉकडाउन ड्रिल (बंदूकवाला शाळेत शिरला तर लपायचा सराव) झालं आणि ती घरी येऊन...

ते आज नको.

तर आजोबांचं खरं आहे. मग खुपतंय काय?

बुधवारी नवऱ्याला सांगितलं. हा म्हणाला, "बरोबरच आहे की. एन्जॉय कर." काल आईचा फोन. तिला पिस्तुलाचं नीटसं पटलेलं नाही, ती विषय टाळते, पण काल आपणहून म्हणाली, "या वयात भाग घेतलास हेच खूप गं." ऑफिसातल्या एकीनंही तेच. इतक्या सगळ्यांनी मला एकाच आठवड्यात इतक्या प्रेमानं सांगितलं की तुझं कसं होतंय याच्याशी कुणाला काही देणंघेणं नाही. कुणीच वाईट हेतूनं बोललं नाही, म्हणूनच उत्तर देता येत नाही.

आमच्या कोल्हापूरच्या घरी चप्पल काढायच्या आत प्रश्न यायचा, कितवी आलीस? चाचणी असो, वक्तृत्व असो, खो-खो असो. तेव्हा त्या प्रश्नाचा धसका असायचा. एनसीसीच्या कॅम्पात पॉइंट टू टूची रायफल, पालथं झोपून पाच गोळ्या, मग हवालदारसाहेब कागद हातात घेऊन पाच भोकांमधलं अंतर मोजायचे. ते मोजेपर्यंत श्वास अडकलेला असायचा. एकदा माझा ग्रुप सगळ्यांत लहान निघाला. घरी आल्यावर बाबांनी तो कागद... असो.

मग किती टक्के, मग कुठली कंपनी, मग पॅकेज, मग ग्रीन कार्ड आलं का. आणि कधीतरी ते थांबलं. आता विचारतात ते मुलांचं. मोठी कितवी, धाकट्याचं पोहणं कुठवर आलं. माझ्याबद्दल कुणी आकडा विचारल्याचं मला आठवत नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं, सुटले बाई. आणि आता पहिल्यांदा स्वतःच्या हौसेनं अशा ठिकाणी नाव घातलंय जिथे आकडा लागतो, तर सगळे म्हणतात बघू नकोस.

काल रात्री यावर रडले. बाथरूममध्ये, नळ सोडून.

आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत हिशेब मांडून बघितला. या खेळात नुसते गुण धरत नाहीत. गुण भागिले सेकंद, त्याला हिट फॅक्टर म्हणतात. पुठ्ठ्याच्या टार्गेटवर मधला ए म्हणजे ५, भोवतीचा सी म्हणजे माझ्या नऊ एमएमला ३, कडेचा डी १. गोळी पार चुकली तर उणे १०. गोळी पांढऱ्या 'नो-शूट'ला, म्हणजे मारायचं नसलेल्या टार्गेटला, लागली तरी उणे १०. समजा बारा टार्गेट, प्रत्येकाला दोन, म्हणजे चोवीस गोळ्या, पूर्ण गुण १२०. मी सावकाश गेले, सगळे ए मारले, चाळीस सेकंद लागले: हिट फॅक्टर ३. जिंकणारा ११२ गुण सोळा सेकंदांत घेईल: ७. म्हणजे एकही गोळी न ढळता मी त्याच्या बेचाळीस-त्रेचाळीस टक्क्यांवर. आता मी जरा सुटले, पंचवीस सेकंदांत संपवलं, चौदा ए आणि दहा सी, म्हणजे १०० गुण: हिट फॅक्टर ४, टक्के सत्तावन्न. नेम ढिला झाला आणि स्कोअर वाढला!

कागदावर हे मांडताना बरं वाटत होतं, कारण मी पुन्हा आकड्यांत होते. मग त्यात एक चुकलेली गोळी घातली. तिचे ३ गेले आणि वर १० गेले, १०० चे ८७. हिट फॅक्टर चारावरून साडेतीनच्या खाली. आणखी एक 'नो-शूट' घातला आणि तीनच्या जवळ आले, म्हणजे जिथे सावकाश जाऊनही पोचले असते तिथेच. मग आजोबा आठवले. स्कोअर बघू नकोस म्हणणारा तो माणूस स्वतः कित्येक वर्षं हेच गणित जगलाय.

पण बघू नकोस कशाला म्हणायचं? नुसतं सावकाश जा म्हणा. मी जाईन. सावकाश जाणं मला येतं.

इथून दोन तासांवर ॲरिझोनातलं पॉल्डन आहे, जेफ कूपरनी तिथे गनसाइट ही पिस्तूल शिकवणारी शाळा सुरू केली १९७६ मध्ये. त्याच वर्षी मिसुरीतल्या कोलंबियात बैठक भरली, प्रॅक्टिकल शूटिंगची जागतिक संघटना उभी राहिली, आणि कूपर तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्यांनी लॅटिनमध्ये तीन शब्द दिले: अचूकता, ताकद, वेग. तिन्ही तोलून धरायचे. वेगाची त्यांना पर्वा नसती तर ते बीप वाजवणारं घड्याळ कशाला असतं! ज्यांनी हा खेळ रचला त्यांना माझा वेळ हवाय, असं मी आज ठरवून टाकलं. नवखीचासुद्धा.

नेमबाज राही सरनोबत २०१८ ला एशियन गेम्सचं सोनं पालेंबांगहून घेऊन आली तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर दिवसभर तेच चाललं होतं, आमच्या कोल्हापूरची म्हणून. तिचा प्रकार वेगळा, पंचवीस मीटर, एका हातानं, जलद फेरीत टार्गेट समोर येतं तीन सेकंद, तेवढ्यात हात वर करून एकच गोळी. जागचं हलायचं नाही. माझी आणि तिची तुलना मी करत नाहीये, कुठे ती. पण तिचीही कधीतरी पहिली स्पर्धा असेल, आणि त्या दिवशी निकालाच्या कागदावर तिचं नाव कुठेतरी होतंच ना. ते कुणी बघितलं नसेल? तिनं तरी बघितलं असेल.

हे लिहिल्यावर थांबले होते जरा. चहा करून आणला.

तिनं तरी बघितलं असेल. यात कदाचित उत्तर आहे. मला दुसऱ्या कुणी बघायला हवंय असं मी धरून चालले होते. आईनं विचारावं, यानं विचारावं, आजोबांनी टोपी सावरत यादीतलं माझं नाव शोधावं. ते नाही शोधणार. त्यांच्या मागे बारा जणांचा स्क्वॉड असेल, भोकांवर चिकटपट्ट्या लावायच्या असतील, पडलेले पॉपर, म्हणजे गोळी लागली की पडणारी लोखंडी टार्गेटं, उभे करायचे असतील, आणि अकरानंतर इथलं ऊन काय असतं ते सांगायला नको. आणि आई. कितवी आलीस हे विचारायचं तिनं मुद्दाम सोडलं असेल. आम्ही तिला त्यावरून किती बोललोय, मी आणि दादा दोघंही. तेव्हा 'भाग घेतलास हेच खूप' हे तिला सोपं गेलं नसणार.

पण यादी तर लागतेच. हिट फॅक्टर चार दशांश स्थळांपर्यंत काढतात. पहिला असो की शेवटचा, तेवढ्याच बारकाईनं. माझ्या नावापुढे वर्गाच्या जागी यू असेल, अजून वर्ग मिळालेला नाही म्हणून. पुढे चार क्लासिफायर, म्हणजे वर्ग ठरवणाऱ्या स्टेज, झाल्या की वर्ग डी, सी, काय ते ठरेल. मला हे फार आवडलं. ज्याला कुणी बघणार नाही असा आकडासुद्धा कुणीतरी नीट काढून ठेवतं.

डीक्यूची भीती मात्र आहे तशीच आहे, आणि ती राहू दे. आज गॅरेजमध्ये तेच केलं. गोळ्या वरच्या कपाटात कुलुपात, मॅगझिन रिकामी, भिंतीवर छोटं टार्गेट. उजवीकडून डावीकडे सरकताना मॅगझिन बदलायचं, माझ्यासारख्या उजव्या हातानं मारणाऱ्यांची नळी इथेच मागे वळते. अंग डावीकडे पळतं आणि हात अंगाबरोबर जातो. तर पाय डावीकडे, नळी भिंतीकडे, बोट कडीबाहेर, डोळे मॅगझिनच्या तोंडावर. पुन्हा. वॉशिंग मशीनपासून गाडीच्या दारापर्यंत, पुन्हा. बीपला खांदे अजून उचलले जातात. गोळीच्या आवाजाला मी दचकत नाही, त्या बीपला दचकते. 'स्टँडबाय' म्हटल्यावर बीप कधी येईल ते सांगता येत नाही, त्या रिकाम्या क्षणात माझा श्वास वर अडकतो. उद्या फक्त श्वासावर काम करायचं. चापाला हातही लावायचा नाही.

पिशवी भरायची आहे. चार मॅगझिन, गोळ्या लागतील त्याहून दोन डबे जास्त, कानाचे मफ आणि त्यांचे जादा सेल, चष्मा, टोपी, पाणी, खारे दाणे. पट्ट्याची आतली बाजू नीट चिकटते का पुन्हा बघायचं.

आणि माझं मी ठरवलेलं, कुणाला न सांगता: एकही मिस नाही, एकही 'नो-शूट' नाही, आणि एका तरी स्टेजला जिंकणाऱ्याच्या चाळीस टक्के. डी आणि सी या वर्गांची वेस तिथेच आहे. जमेल की नाही माहीत नाही; गणितात तर बसतंय. रविवारी संध्याकाळी निकाल लागला की आधी मी बघणार, मग आईला फोन करून आकडा सांगणार, तिनं विचारलं नाही तरी.