फिनिक्स न येणारी कॅंडिडेट

आमचं प्रॉडक्ट फिनिक्स या वेब फ्रेमवर्कवर (वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्यावर) आहे, म्हणजे भाषा एलिक्सिर, खाली तो कोड चालवणारं अर्लांगचं व्हीएम. भन्नाट टेक्नॉलॉजी, पण माणसं मिळत नाहीत. एचआर रेझ्युमेत 'फिनिक्स' शब्द शोधतात, आणि जे थोडे सापडतात ते सुपरवायझर, 'लेट इट क्रॅश' असे एलिक्सिरचे ठरलेले शब्द घडाघडा म्हणून दाखवतात पण कोड समोर ठेवला की अडतात. कीवर्डवर माणसं निवडणं हा शुद्ध आळस आहे.

म्हणून मी इंटरव्ह्यूच बदलला. एक छोटं लाइव्हव्ह्यूचं (पेज रिलोड न करता सर्व्हरवरून बदलत ठेवणारा फिनिक्सचा भाग) पेज देतो, उघडलं की व्ह्यूजचा आकडा एकने वाढायला हवा, वाढतो दोनने. शोधा.

काल ओळखीतून एक मुलगी आली, सगळा अनुभव दुसऱ्याच भाषेचा आणि फ्रेमवर्कचा, पीएचपी-लाराव्हेलचा, एलिक्सिर आजवर पाहिलेलं नाही हे आल्याआल्याच सांगितलं. तिने पेज सुरू होताना चालणाऱ्या माउंट फंक्शनच्या पहिल्या ओळीत एक इन्स्पेक्ट (टर्मिनलमध्ये छापून दाखवणारी ओळ) टाकलं, पेज रिफ्रेश केलं, टर्मिनलमध्ये तीच ओळ दोनदा. मग नेटवर्क टॅब उघडला, तिथे पेजची रिक्वेस्ट एकच आणि खाली एक वेबसॉकेट, म्हणजे सर्व्हरशी उघडी राहणारी जोडणी. "म्हणजे एकदा नुसतं एचटीएमएल बनवायला आणि परत सॉकेट जोडल्यावर, असं चालतंय का हे?" अगदी तसंच चालतं! डॉक्समधून, सॉकेट जोडलंय का ते सांगणारं 'कनेक्टेड' फंक्शन तिनंच शोधलं, आकडा वाढवणारी ओळ त्या अटीत टाकली, आणि वर विचारलं, "आता जावास्क्रिप्ट बंद असलेला माणूस मोजलाच जाणार नाही, चालेल ना?" हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

शेवटी म्हणाली, "सर, दोन वर्षांनी इथून निघायचं झालं तर हे शिकलेलं कुठे चालेल?"

खरं तेच सांगितलं. फिनिक्सच्या जागा कमी आहेत, कॉन्करन्सी (एकाच वेळी अनेक कामं हाताळणं), सॉकेट, डेटाबेसची समज कुठेही कामाला येईल, पण ती रेझ्युमेच्या फिल्टरला दिसत नाही. आमच्याच फिल्टरमध्ये तीही गळाली असती. आम्ही निवडलेल्या फ्रेमवर्कची रिस्क तिने का घ्यायची, हे कालपासून डोक्यातून जात नाहीये. मॅनेजर म्हणतात पगार वाढवून द्या, त्यांना प्रश्नच कळला नाहीये. मी ऑफरमध्ये चार्ट्सचं सगळं जावास्क्रिप्टचं काम तिच्याकडे लिहून दिलं, म्हणजे बाहेर दाखवायला तेही हातात राहील.

ऑफर गेलीय, सोमवारपर्यंत वेळ मागितलाय तिने.