१२ बाय १० चा उंच लाकडी डेक: खर्चाचा हिशेब

जागा दापोलीकडची, मागच्या पडवीला लागून. डेक १२ बाय १० फूट, जोत्याच्या उंचीला म्हणजे जमिनीपासून ३ फुटांवर. एक लांब बाजू घराला, तीन मोकळ्या. खड्डे खणून झालेत, लाकूड अजून उचललेलं नाही.

चौरस फुटाच्या भावावर उंच डेकचा अंदाज काढू नका, हमखास फसतो. लाकूड नग मोजून घनफुटात काढायचं: रुंदी इंचात, गुणिले जाडी इंचात, गुणिले लांबी फुटात, भागिले १४४.

आधी वरच्या फळ्या. करवतीची ४ बाय १ इंचाची फळी रंधल्यावर पावणेचार इंच रुंद आणि सात सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जाड उरते. बिल मात्र ४ बाय १ चंच होतं. दोन फळ्यांत दोन सूत फट धरली की एका ओळीला बरोबर ४ इंच, म्हणजे १० फुटांत ३० ओळी. ३० × १२ फूट = १० घनफूट.

सरळ, बिनगाठीची १२ फुटी सागाची फळी घनफुटाला महाग पडते, म्हणून ओळ ८ + ४ फुटांत जोडायची. ६ + ६ का नाही? फळ्यांखालचे वासे १६-१६ इंचांवर आहेत. ६ फुटी फळीचा सांधा येतो ७२ इंचांवर आणि वासे आहेत ६४ वर आणि ८० वर. सांधा अधांतरी. ८ + ४ मध्ये तो ९६ किंवा ४८ वर, वाशावरच बसतो. एका ओळीत ८ आधी, पुढच्या ओळीत ४ आधी. मापं डेकच्या बाहेरच्या कडेपासून घ्यायची, पहिल्या वाशाच्या मध्यापासून नाही. नाहीतर सगळे सांधे इंचभर सरकतात. या दोन ठिकाणी वाशाला वासा जोडून घ्या, कारण २ इंची वाशावर प्रत्येक फळीला जेमतेम इंचभर टेकू मिळतो आणि टोकाशी स्क्रू मारताच फळी चिरते.

सांगाडा:
वासे २ × ६, १० फुटी, १० + २ जोड = १० घनफूट
टोकांच्या पट्ट्या २ × ६, १२ फुटी, २ नग = २
तुळया २ × ८, १२ फुटी, दोन-दोन जोडून ४ नग = ५.३
खांब ४ × ४, दीड फुटी, ६ नग = १

फळ्या धरून झाले २८.३. बहुतेकांचा कागद इथे संपतो.

३ फूट उंचीला कठडा हवाच. तीन बाजू मिळून ३२ फूट, त्यातले पायऱ्यांसाठी ३ वजा. कठड्याचे खांब ३ × ३ चे ९, वरची-खालची पट्टी आणि दीड इंची ७० उभे गज. गजांमधली फट साडेतीन इंच; चारच्या वर गेली की लहान मुलाचं डोकं अडकायची भीती. हे ७.३ घनफूट. ६-६ इंचांचे सहा चढ, म्हणजे पाच पायऱ्या, तीन तिरके आधार: ४.२. दोन्ही मिळून साडेअकरा, पायाखालच्या फळ्यांपेक्षा जास्त!

एकूण ४० घनफूट. चिरा, गाठी आणि पांढरं लाकूड काढून टाकायला १० टक्के, म्हणजे ४४. हिशेबापुरता सागाला ३,५०० रुपये घनफूट धरला (आपल्या वखारीचा भाव घाला, जीएसटी त्यात आहे का ते आधी विचारा), तर सगळा साग सुमारे १,५४,०००. सांगाडा ऐन किंवा किंजळीच्या लाकडाचा, २,००० भावाने केला तर १,२३,०००. तीसेक हजार वाचतात, दिसायला फरक नाही. पण लाकूड गाभ्याचं हवं. पांढऱ्या भागाला वाळवी आधी लागते.

पायाचे ६ खड्डे, दीड × दीड × २ फूट, वर ६ इंच ओटा. १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटला सिमेंट ६ गोणी, वाळू १३ घनफूट, खडी २५. जांभ्यात एवढी खोली पुरे. देशावर काळ्या मातीत मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं, तिथे हा आकडा सहज दुप्पट होतो.

खांब सिमेंटात गाडू नका. फॅब्रिकेटरकडून ५ एमएमचे यू क्लॅम्प करून गॅल्व्हनाइज करून घ्या, खांबाचं बूड काँक्रीटपासून इंचभर वर राहू दे. पाणी पितं ते बूडच.

स्क्रू: ३० ओळी × १० वासे × २ = ६००, सांध्यांचे ६०. शंभरच्या खोक्यात येतात, म्हणून ७००. ८ नंबर, २ इंच, स्टेनलेस ३१६; समुद्र जवळ नसेल तर ३०४ चालेल. साधे लोखंडी घेतले तर पहिल्याच पावसात प्रत्येक स्क्रूभोवती काळा डाग. सगळी भोकं आधी पाडायची, त्यामुळे ३ एमएमची बिटं किमान पाच.

मजुरी: सुतार आणि मदतनीस मिळून रोजचे २,०००, दहा रोज. यातले चार कठड्यातच जातात.

जवसाचं तेल खर्चात धरलेलं नाही, मुद्दाम. कोकणच्या पावसात त्यावर बुरशी धरते, फळी काळी पडते. बुरशीनाशक असलेलं डेक ऑइल, दोन हात.

पुढचं काम वखारीतलं: मीटरने ओल तपासणे. १५ टक्क्यांच्या वर असेल तर फळ्या मध्ये पट्ट्या घालून सावलीत रचायच्या. फटीसाठी ६ एमएमच्या सळईचे तुकडे कापून ठेवलेत, पण ओल्या फळ्या त्या मापाने ठोकल्या तर मेपर्यंत फट वाढते.