चाकं पुन्हा चमकली
काल बीडहून परभणीला आलो. सकाळी बघितलं तर गाडीची अलॉय, म्हणजे मिश्रधातूची, चाकं पार काळवंडलेली. ही नुसती धूळ नसते, ब्रेक झिजून उडालेली लोखंडाची गरम पूड चाकावरच्या क्लिअर कोटवर, म्हणजे पारदर्शक थरावर, चिकटून बसते. मागे एका वॉशिंगवाल्यानं ॲसिड मारलं, तेव्हापासून एका स्पोकवर पांढुरका डाग कायमचा राहिलाय. बघितला की अजून जीव हळहळतो.

म्हणून आता मीच धुतो. चाक गार झाल्यावर, सावलीत, कार शाम्पू न् मऊ ब्रश. मेटल पॉलिश अजिबात नाही, त्यानं वरचा पारदर्शक थरच घासला जातो. नटांच्या खाचा मात्र जुन्या टूथब्रशनंच निघतात. आमचं बोअरचं पाणी जड, वाळलं की ठिपके पडतात. लगेच मायक्रोफायबरनं पुसून वॅक्सचा पातळ हात दिला.

बापू ओट्यावरून म्हणाले, "नवी चाकं टाकलीस का रे?"