माझा सी कंपायलर: चूक सांगण्याचे बंधन नेमके कुठे येते

या टप्प्यात माझ्या सी कंपायलरमध्ये (सी भाषेतील प्रोग्राम यंत्रभाषेत आणणाऱ्या प्रोग्राममध्ये) नवीन सोय एकही घातली नाही. सगळा वेळ चुकीच्या प्रोग्रामना काय उत्तर द्यायचे हे ठरवण्यात गेला आणि तो सत्कारणी लागला, असे मला मनापासून वाटते.

सीच्या मानकातील (भाषेचे नियम ठरवणाऱ्या अधिकृत दस्तऐवजातील) कलम ५.१.१.३ मी आजवर ‘चूक दिसली की थांबा’ अशा अर्थाने वाचत आलो होतो. कलमात तसे म्हटलेलेच नाही. ट्रान्सलेशन युनिटमध्ये (एका वेळी भाषांतरित होणाऱ्या फाइलमध्ये, तिने जोडलेल्या हेडर फाइलसह) व्याकरणाचा नियम किंवा एखादा निर्बंध (मानकात ‘कन्स्ट्रेंट’ या मथळ्याखाली दिलेला नियम) मोडला गेला असेल, तर किमान एक डायग्नॉस्टिक (चूक कळवणारा) संदेश दिला पाहिजे, एवढेच ते सांगते. आणि त्याच कृतीचे वर्तन मानकाने अन्यत्र अनडिफाइन्ड (काय घडेल याची कोणतीही हमी नसलेले) ठरवले असले तरी ही जबाबदारी टळत नाही. संदेश दिल्यानंतर भाषांतर पुढे चालू ठेवण्यास कंपायलरला पूर्ण मोकळीक आहे. थांबण्याची सक्ती एकाच ठिकाणी दिसते: हॅश एरर ही प्रोग्राममध्ये मुद्दाम लिहिलेली सूचना अटीनुसार वगळलेल्या भागात नसेल, तर ते युनिट यशस्वीपणे भाषांतरित होता कामा नये. माझा प्रीप्रोसेसर (मुख्य भाषांतराआधी अशा सूचना पाळणारा भाग) नेमका तिथेच संदेश छापून पुढे जात होता. ती दुरुस्ती दोन ओळींची होती.

खरा कस लागला तो कॉन्स्टंट एक्स्प्रेशनच्या (भाषांतराच्या वेळीच जिची किंमत काढता येते अशा मांडणीच्या) बाबतीत. इंट या पूर्णांकाच्या टाइपची कमाल किंमत, म्हणजे ३२ बिटांच्या इंटमध्ये २१४७४८३६४७, अधिक एक, असे मी स्विचमधील (किमतीनुसार वाट निवडणाऱ्या विधानातील) एका केसच्या लेबलात लिहून पाहिले. कंपायलरने एक शब्दही न उच्चारता २१४७४८३६४८ हे उत्तर काढले, कारण सगळे फोल्डिंग (अशा किमती भाषांतरातच काढून ठेवणे) मी ६४ बिटांच्या पूर्णांकांत करत होतो. हीच बेरीज फंक्शनमधील साध्या विधानात असती, तर ते अनडिफाइन्ड बिहेवियर ठरले असते आणि संदेश देणे बंधनकारक नसते. केसच्या लेबलाला मात्र इंटिजर कॉन्स्टंट एक्स्प्रेशनच लागते आणि अशा एक्स्प्रेशनची किंमत तिच्या टाइपच्या मर्यादेत असलीच पाहिजे, हा कलम ६.६ मधील निर्बंध आहे. एकच बेरीज, पण ती कुठे लिहिली आहे त्यावर कंपायलरचे कर्तव्य बदलते. हे उमगले तेव्हा फोल्डिंगची रचनाच बदलावी लागेल हे स्पष्ट झाले.

आता फोल्डिंगचे फंक्शन स्वतः संदेश देत नाही. मर्यादा ओलांडली गेली की ते उत्तराबरोबर एक खूण परत करते, आणि त्या जागी कॉन्स्टंट सक्तीचा आहे की नाही हे ज्याला ठाऊक आहे, तो कॉलर (फोल्डिंगचे फंक्शन बोलावणारा भाग) निर्णय घेतो. यात एक खाचखळगा आहे. ‘२ || १/०’, म्हणजे ‘दोन, किंवा एक भागिले शून्य’, असे लॉजिकल ऑर वापरून लिहिलेले इनिशियलायझर (व्हेरिएबलची सुरुवातीची किंमत) वैध आहे. त्याची किंमत एक येते, कारण डावी बाजू शून्य नसल्याने खरी ठरते आणि उजवी बाजू मोजलीच जात नाही, आणि मानकाच्या तळटीपेत हेच उदाहरण दिले आहे. त्यामुळे न मोजल्या जाणाऱ्या बाजूची खूण वर जाऊ न देता तिथेच पुसावी लागते. माझ्या पहिल्या मसुद्यात ती पुसली जात नव्हती आणि वैध प्रोग्राम नाकारला जात होता. चूक न सांगण्याइतकाच हाही गंभीर दोष मी मानतो.

कॉन्स्टच्या बाबतीत सीमारेषा अधिक स्वच्छ आहे. कॉन्स्ट (न बदलण्याचे म्हणून घोषित केलेल्या) व्हेरिएबलला थेट असाइनमेंट केली तर निर्बंध मोडतो आणि संदेश अटळ ठरतो. पॉइंटर (मेमरीतील पत्ता) कास्ट करून, म्हणजे त्याचा टाइप जबरदस्तीने बदलून, तीच किंमत बदलली तर वर्तन अनडिफाइन्ड असते आणि कंपायलर गप्प राहू शकतो. निर्बंधांच्या परिच्छेदाबाहेर आलेला ‘शॅल’ (‘असलेच पाहिजे’ अशी मानकाची अट) मोडला तरी असेच होते, हे कलम ४ मध्ये स्पष्ट आहे. म्हणून मानक वाचताना वाक्य कोणत्या मथळ्याखाली आले आहे, ते आता मी आधी पाहतो.

संदेश दिल्यावर पुढे जायचे की थांबायचे, हा प्रश्न मी डिक्लेरेशनशिवाय (फंक्शनची आधी ओळख न देता) केलेल्या फंक्शन कॉलवरून सोडवला. सी८९ या मानकाच्या जुन्या आवृत्तीमध्ये असा कॉल चालत असे आणि फंक्शन इंट परत करते असे गृहीत धरले जाई. त्यानंतरच्या सी९९ ने ती सवलत काढून घेतली. डिक्लेरेशन असलेली हेडर फाइल न घेता मॅलॉक (मेमरी मागवून तिचा पॉइंटर देणारे फंक्शन) वापरले आणि पॉइंटर ६४ बिटांचा असला, तर जुन्या गृहीतकामुळे त्याचा वरचा अर्धा भाग हरवू शकतो. क्लँग १६ आणि जीसीसी १४ या प्रचलित कंपायलरांनी याला आपापल्या डीफॉल्ट मोडमध्ये वॉर्निंगऐवजी एरर केले. मीही निर्बंधभंग झाला की ऑब्जेक्ट फाइल (भाषांतरातून तयार होणारी यंत्रभाषेतील फाइल) लिहायची नाही, असे ठरवले आहे. मानक इतके कडक नाही, पण वॉर्निंगच्या गर्दीत असा संदेश नजरेतून निसटतो.

संपूर्ण युनिटसाठी एकच संदेश दिला तरी मानकाचे समाधान होते. वापरणाऱ्याचे होत नाही. म्हणून व्याकरणाची चूक आल्यावर पार्सर (प्रोग्रामचे व्याकरण तपासणारा भाग) पुढच्या अर्धविरामापर्यंत जाऊन पुन्हा सुरुवात करतो, आणि चुकलेल्या एक्स्प्रेशनला एक खास ‘सदोष’ टाइप दिला जातो, जेणेकरून त्याच चुकीमुळे उद्भवणारे पुढचे संदेश दाबले जावेत. अर्धविरामच विसरलेला असेल तेव्हा मात्र पार्सर पुढचे एक शुद्ध विधानही गिळतो. पुढच्या टप्प्यात महिरपी कंस आणि विधानारंभीचे कीवर्ड हेही थांबे म्हणून धरून पाहणार आहे.